मित्रमंडळींच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तक कसं सुचवावं

'कुणीतरी एखादं पुस्तक सुचवा ना, सगळे मिळून वाचू' असा मेसेज ग्रुपवर पडला की पुढचा प्रकार ठरलेला असतो. अर्ध्या तासात पंधरा-वीस नावं जमा होतात. प्रत्येकापुढे 'अप्रतिम', 'मस्ट रीड', 'आयुष्य बदलून टाकणारं'. मग त्यातलं सगळ्यात गाजलेलं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जाड, पुस्तक निवडलं जातं. महिन्याने भेट ठरते तेव्हा ते पूर्ण वाचलेला माणूस एकच निघतो, ज्याने ते सुचवलं होतं तो. बाकीचे 'वेळच मिळाला नाही रे' म्हणतात आणि गप्पा भलत्याच विषयावर जातात. पुढची भेट बहुधा होतच नाही.

दोष वेळेवर टाकला जातो. मला विचाराल तर दोष निवडीचा असतो. हीच माणसं मालिकेचे आठ-आठ भाग एका रात्रीत संपवतात, म्हणजे वेळ कुठून तरी निघतोच. मित्रांच्या कट्ट्यासाठी पुस्तक सुचवताना दोन गोष्टी बघायच्या: निम्म्याहून जास्त लोकांचं ते वाचून पूर्ण होईल का, आणि झाल्यावर निदान दोघांचं त्यावरून वाजेल का. पुस्तक थोर आहे का, हा प्रश्न तिसरा आणि बराच मागचा. स्वतःचं सगळ्यात आवडतं पुस्तक सुचवायचा मोह तर पहिल्यांदा आवरायचा. त्यावर कुणी नाक मुरडलं की आपल्याला लागतं आणि मग चर्चा होत नाही, वकिली होते.

आधी माणसांची चौकशी

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातल्या दोन सूत्रांचा अर्थ असा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कट्ट्यावर आपण या दोहोंपैकी फक्त नंतरच्यावर काम करतो. आपल्याकडे एक पुस्तक असतं आणि त्याला वाचक शोधत फिरतो. उलट्या बाजूने सुरुवात करा.

'तुझं आवडतं पुस्तक कोणतं?' हे विचारू नका. त्याचं उत्तर माणसं दाखवण्यासाठी देतात, त्यात त्यांची चूक नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा, आणि ग्रुपवर नको, एकेकाला फोनवर किंवा समोरासमोर:

शेवटचं कोणतं पुस्तक पूर्ण वाचलंस? कितीही जुनी गोष्ट असली तरी चालेल.
कोणतं अर्धवट टाकलंस, आणि का?
वाचायला बसतोस कधी? प्रवासात, झोपताना, की फक्त सुट्टीच्या दिवशी?

यातला मधला प्रश्न सगळ्यात कामाचा. 'काही घडतच नव्हतं', 'नावंच लक्षात राहीनात', 'वर्णनं फार', 'भाषा डोक्यावरून गेली', 'इतकं दुःख की पुढे वाचवेना' अशी उत्तरं येतात. ही सगळी लिहून ठेवा. तक्रारीतून माणसाची आवड जितकी स्पष्ट कळते तितकी कौतुकातून कळत नाही. तिसऱ्या प्रश्नावरून पुस्तकाचा आकार ठरतो. रोज झोपताना चार पानं वाचणाऱ्याला साठ पानांची सलग प्रकरणं जड जातात. त्याला छोटी प्रकरणं हवीत.

एखादा मित्र असतोच जो म्हणतो, 'मला काहीही चालेल.' त्याला काहीही चालत नाही, असा अनुभव आहे. त्याला अलीकडे पाहिलेल्या सिनेमाबद्दल विचारा आणि तो कशाबद्दल बोलतो ते ऐका. कथेतल्या वळणाबद्दल, एखाद्या पात्राबद्दल, की तो बर्फाचा प्रदेश काय सुंदर दिसत होता याबद्दल? पुढच्या भागात हे लागणार आहे.

चार दरवाजे

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी एक सोपी मांडणी केली आहे, आणि पुस्तक सुचवणाऱ्याला तिच्याइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं माहीत नाही. त्यांचं म्हणणं, वाचक पुस्तकात चारपैकी एका दरवाजाने शिरतो: कथा, पात्रं, स्थळ-काळ किंवा भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण सारखे उघडे नसतात.

कथेच्या दरवाजाने येणाऱ्याला 'पुढे काय होणार' हे हवं असतं. पात्रांच्या दरवाजाने येणारा महिनाभर नंतरही एखाद्या पात्राबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतो. स्थळ-काळवाला 'तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं' म्हणतो. भाषावाला वाक्यं अधोरेखित करतो आणि त्यांचे फोटो पाठवतो.

आपल्या ओळखीच्या पुस्तकांवर हे लावून बघा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मुख्यतः स्थळाच्या दरवाजाने उघडते. एक तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, आणि ती वाडीच हळूहळू पुस्तकाची नायिका होते. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' म्हणजे पात्रांचा दरवाजा सताड उघडा, कथा नावाला. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) सगळं भाषेवर आहे. पांडुरंग सांगवीकरची ती बोलण्याची तऱ्हा तुम्हाला आवडली तर पुस्तक संपूच नये असं वाटतं, आणि नाही आवडली तर विसाव्या पानावर तुम्ही बाहेर. 'काही घडतच नव्हतं' म्हणून पुस्तक टाकणाऱ्या मित्राला 'कोसला' पाठवलंत तर तो दोष 'कोसला'चा नाही आणि मित्राचाही नाही.

एका माणसाला सुचवताना एक दरवाजा जुळला की भागतं. कट्ट्यासाठी माझा नियम असा आहे की किमान दोन दरवाजे नीट उघडे असलेलं पुस्तक घ्यावं. सहा-सात जणांत कथावालेही असणार आणि पात्रंवालेही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) याचं चांगलं उदाहरण: नववीतल्या मुलाचं सांगणं आहे, तेव्हा पात्रं आणि भाषा दोन्ही, वर आणीबाणीचा काळ. कुठूनही आत या. 'कोसला' महत्त्वाचं आहे यात वाद नाही, पण कट्ट्याच्या पहिल्या वर्षात मी ते सुचवणार नाही.

पानं, तास आणि प्रती

हा भाग रुक्ष आहे, पण सर्वात जास्त कट्टे इथेच कोसळतात.

प्रत्येकाने एकदा घड्याळ लावून वीस मिनिटं वाचावं आणि पानं मोजावीत. समजा आठ पानं झाली, तर तासाला चोवीस. सोयीसाठी पंचवीस धरू. आता प्रामाणिकपणे विचारा की आठवड्यातून किती दिवस अर्धा तास मिळतो. चार दिवस म्हणजे आठवड्याला दोन तास, चार आठवड्यांत आठ. आठ गुणिले पंचवीस, दोनशे पानं. महिन्याला भेटणाऱ्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या लोकांची साधारण ही मर्यादा. तीही एकही दिवस चुकला नाही तर. तीनशे पानांचं पुस्तक सुचवायचं असेल तर भेट सहा-सात आठवड्यांनी ठेवा, आणि हे सुचवतानाच सांगा.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' (१९६७) सातशे पानांच्या वर जातं. म्हणून ते बाद करायचं कारण नाही. ते कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितलेलं आहे. मग निवेदक बदलतो तिथे तोडा आणि तीन-चार भेटींत वाचा. जाड पुस्तक पानांवर तोडू नये, त्याच्या स्वतःच्या सांध्यावर तोडावं.

मग प्रती. नाव सुचवण्याआधी तुम्हीच तपासा: पुस्तक सध्या छापलं जातंय का, की आवृत्ती संपली आहे? ग्रंथालयात एकच प्रत आहे की दोन-तीन? ई-पुस्तक आहे? ऐकायला मिळतं? मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं अधूनमधून बाजारातून गायब असतात आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत मिळत नाहीत. अशा वेळी ग्रुपवर 'पीडीएफ आहे का कुणाकडे?' हा प्रश्न येतोच. लेखक जाऊन इतका काळ लोटला असेल की पुस्तकाचे हक्क संपले आहेत, तर खुशाल. नाहीतर नाव पुढच्या खेपेसाठी ठेवा. एकच प्रत फिरवायची असेल तर ती ज्याच्याकडे सगळ्यात आधी जाईल तो सगळ्यात वेगाने वाचणारा असू द्या.

अनुवाद निवडत असाल तर अनुवादकाचं नाव आणि प्रकाशन दोन्ही कळवा. एकाच कादंबरीचे दोन-तीन मराठी अनुवाद असू शकतात, त्यातला एखादा संक्षिप्तही. दोघांनी वेगवेगळे वाचले तर भेटीत 'हे माझ्या पुस्तकात नाहीच' असा गोंधळ होतो. याच कारणाने बोलताना पान क्रमांक सांगू नका, प्रकरण सांगा.

वाजेल का?

आता खरा कस. पुस्तक पूर्ण झालं, सगळे जमले, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे म्हणाले, 'छान होतं.' मग? मग काही नाही. कट्ट्यासाठी याहून वाईट काही नाही. सगळ्यांना न आवडलेलं पुस्तक यापेक्षा शतपटीने बरं, निदान लोक तावातावाने बोलतात तरी.

सुचवण्याआधी स्वतःला विचारा: या पुस्तकात असा एखादा निर्णय आहे का, ज्यावर दोन शहाणी माणसं वेगळा निवाडा देतील? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त नवरा ख्रिस्ती होतो आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे केलं ते आहे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून पळालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांच्यात जे घडतं ते आहे. त्याला प्रेम म्हणायचं की आणखी काही, यावर एक संध्याकाळ सहज निघते. वर ते दीडशे पानांच्या आत आहे. कट्ट्याचं पहिलं पुस्तक कोणतं घेऊ असं कुणी विचारलं तर माझं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी युक्ती, जोडी लावा. इरावती कर्व्यांचं 'युगांत' आणि 'मृत्युंजय', दोन्ही १९६७ सालची. एकात कर्णाची बाजू जीव तोडून मांडलेली, दुसऱ्यात त्याच कर्णाकडे भारावून न जाता पाहिलेलं. निम्म्या लोकांनी 'मृत्युंजय'चा एक भाग वाचावा आणि निम्म्यांनी 'युगांत'मधला कर्णावरचा लेख. मग काय होतं ते बघाच. लेख थोडक्या पानांचा आहे, त्यामुळे न वाचणारे मित्रही त्या बाजूला खपून जातात.

विनोदी पुस्तकांबद्दल एक सावधगिरी. ती वाचून सगळ्यात आधी होतात, भेटीत सगळे आपापले आवडते उतारे वाचून दाखवतात, धमाल येते, आणि वीस मिनिटांत विषय संपतो. म्हणून ती नकोत असं नाही. ज्या महिन्यात सगळे थकलेले आहेत त्या महिन्यात घ्या. 'यशस्वी कसे व्हावे' जातीची पुस्तकं मात्र मी सरळ टाळतो. 'पहाटे उठावं' याला विरोध कोण करणार आणि किती वेळ?

सुचवणारा मेसेज

'अप्रतिम! वाचायलाच हवं!!' यातून समोरच्याला फक्त तुमचा उत्साह कळतो. चांगल्या शिफारशीत पाच गोष्टी येतात: आकार, सुरुवात, दरवाजा, इशारा आणि 'आपल्यासाठीच का'. शेवट सोडाच, मध्यापर्यंतही जाऊ नका. पहिल्या तीस पानांत जे कळतं तेवढंच सांगा. प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'साठी (१९८१) मी असं लिहीन:

'रारंग ढांग, प्रभाकर पेंढारकर. पानं दोनशेच्या आत. एक तरुण इंजिनिअर हिमालयात रस्ता बांधणाऱ्या लष्करी तुकडीत दाखल होतो. समोर सरळ उभा कडा, आणि काम कसं करायचं यावर त्याचं नि वरिष्ठांचं पटत नाही. कथा वेगाने जाते, आणि डोंगर अक्षरशः दिसतो. इशारा: कामावरचे अपघात आणि मृत्यू आहेत. आपल्यात तिघं अशी आहेत जी साहेबाशी रोज भांडतात, त्यांना बोलायला पुष्कळ सापडेल.'

शेवटचं वाक्य सोडू नका. पुस्तक सगळ्यांसाठी थोर असू दे, 'आपल्यासाठी का' हे कळलं की माणूस ते उघडतो. आणि वाचायला सुरुवात करण्यासाठी एक ठोस जागा सांगता आली तर उत्तम. 'प्रस्तावना सोडा, नंतर वाचा' हा सल्ला तर मी जवळजवळ प्रत्येक जुन्या पुस्तकाबरोबर देतो. मराठी प्रस्तावना बऱ्याचदा सगळी कथा सांगून मोकळी होते.

इशाऱ्याबद्दल दोन शब्द. मित्रांचा कट्टा असल्यामुळे एकमेकांची घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक असते. नुकतंच कुणाच्या घरी मरण झालं असेल, कुणी आजारपणातून उठत असेल, कुणाचा संसार मोडला असेल. अशा वेळी त्याच विषयाचं पुस्तक ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला वेगळं विचारा. कधीकधी तोच म्हणतो, 'घ्या, मला उलट बोलायचंच आहे.' पण हे ठरवणं त्याचं. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) अशी आत्मकथनं घेताना आणखी एक भान ठेवा: कट्ट्यात एकच जण लेखकाच्या समाजातला असेल तर बाकीच्यांनी त्याला साक्षीदार किंवा प्रवक्ता करून टाकू नये. पुस्तकावर सगळ्यांनी बोलायचं, त्याने पुस्तकातल्यासारखं स्वतःचं आयुष्य समजावून सांगायचं नाही.

निवड: मत की पाळी?

पाचेक जणांचा कट्टा असेल तर मतदान करूच नका. पाळी लावा. ज्याची पाळी त्याचं पुस्तक, इतरांना एकच अधिकार: वर्षातून एकदा 'नको' म्हणण्याचा, कारण न देता. मतदानाने सगळ्यांना बरं वाटणारं मधलं पुस्तक निवडून येतं, पाळीने एखादं विचित्र पुस्तक येतं जे तुम्ही स्वतः होऊन कधीच हातात घेतलं नसतं. कट्ट्याची मजा त्यातच आहे.

मंडळी जास्त असतील तर मतदान लागतं, पण नावं तीनच ठेवा. पंधरा नावांतून निवड म्हणजे निवड न करणंच. आणि 'सगळ्यात आवडलेलं एक' असं मत घेऊ नका. समजा सात जण आहेत. एकेक मत घेतलं तर 'अ'ला तीन, 'ब'ला दोन, 'क'ला दोन. 'अ' जिंकलं. पण उरलेल्या चौघांना 'अ' मुळीच वाचायचं नाही! आता प्रश्न बदला: 'यातलं कोणकोणतं तू खरंच वाचशील?' हव्या तितक्या नावांना होकार द्यायची मुभा. आता 'अ'ला तीन, 'ब'ला सहा, 'क'ला चार. 'ब' घ्या. फार कुणाचं लाडकं नाही, पण सहा जण वाचून येतील.

क्रम कसा लावावा

एक-एक पुस्तक सुटं सुचवू नका. पुढच्या तीन-चारांचा अंदाज मनात असू द्या. जडानंतर हलकं, जाडानंतर बारीक, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सलग दोन दुःखी पुस्तकं घेतली की तिसऱ्या भेटीला माणसं गळतात.

नुकता सुरू झालेला कट्टा असेल, किंवा दोन-तीन भेटी फसल्या असतील, तर पुस्तकच घेऊ नका. एक कथा घ्या. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'तली (१९७२) एक कथा दोन तास गप्पांना पुरते, आणि 'वाचून झालं नाही' हे कारण उरत नाही. हवी तर भेटीतच मोठ्याने वाचा.

आणि नाटकं! कट्टेवाले नाटकं का विसरतात हे मला कळलेलं नाही. नाटक कमी पानांत संपतं, संवादात असल्यामुळे पटापट वाचून होतं, आणि भूमिका वाटून घेऊन वाचलं तर घरून काही वाचून यायचीही गरज नाही. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' त्यासाठी बनवल्यासारखं आहे: नाटकवाली मंडळी गंमत म्हणून खोटा खटला चालवतात, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि गंमत कधी संपते ते कळत नाही. अंक तीन आहेत. प्रत्येक अंकानंतर थांबून 'आता कोण बरोबर?' एवढंच विचारा. लाजणाऱ्यांना सुरुवातीला रंगसूचना वाचायला द्या. तिसऱ्या अंकापर्यंत तेही भूमिका मागतात.

भेटीच्या दिवशी सुचवणाऱ्याचं काम

पुस्तक तुम्ही सुचवलंत म्हणून ते वाचवणं तुमचं काम नाही. तुम्ही शेवटी बोला. आधी ज्याला आवडलं नाही त्याला बोलू द्या, कारण कौतुकाची लाट सुरू झाली की तो गप्प बसतो.

तीन प्रश्न तयार ठेवा आणि ते पुस्तकातल्या ठिकाणांवरून काढा, नेटवरून उचललेले नकोत. 'लेखिकेला काय सांगायचं आहे?' हा परीक्षेचा प्रश्न, त्याने सगळे पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसतात. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर विचारा, 'इतक्या दुःखाच्या गोष्टी लक्ष्मीबाई हसत-हसत का सांगतात? तुम्हाला ते खरं वाटलं का?' 'बनगरवाडी'वर विचारा, 'मास्तर या वाडीच्या उपयोगी पडला की वाडी त्याच्या?' ज्याचं उत्तर तुम्हालाच नक्की माहीत नाही असा एक तरी प्रश्न हवा.

पूर्ण न वाचलेल्यांचं काय? त्यांना यायला सांगा, पण एक अट: शेवटाबद्दल बोलणं थांबणार नाही. शेवट न उघडता चर्चा करणं म्हणजे पुस्तकाचा निम्मा भाग झाकून बोलणं. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी शेवटच्या अर्ध्या तासात उठावं. आणि कंटाळा आला तर पुस्तक सोडायची उघड परवानगी असू द्या. नॅन्सी पर्ल यांचाच नियम: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, पन्नाशी ओलांडली की शंभरातून वय वजा करावं, येईल तितकी पानं. सत्तरीच्या माणसाला तीसच पानांची सक्ती. फक्त सोडणाऱ्याने भेटीत सांगायचं: कुठे सोडलं आणि त्या पानावर काय चाललं होतं. पुष्कळदा सगळ्यात चांगली चर्चा त्या पानावर होते.

ओळखीच्या लेखकाचं पुस्तक

हा प्रसंग येणारच. कट्ट्यातल्या कुणाच्या काकांचं आत्मचरित्र किंवा वहिनीचा कवितासंग्रह नुकताच छापून आलेला असतो आणि प्रेमाने पुढे केला जातो. स्वीकारलंत तर मनापासून कुणी बोलणार नाही, नाकारलंत तर वाईटपणा. यावर उपाय वेळ येण्याआधीच करून ठेवायचा: पहिल्याच भेटीत नियम करा की कट्ट्यातल्या कुणाच्या नात्यातल्या किंवा ओळखीतल्या लेखकाचं पुस्तक चर्चेला घ्यायचं नाही. ज्याला वाचायचं त्याने विकत घेऊन वाचावं, लेखकाला वेगळं कळवावं. नियम आधीपासून असला की नकार कुणा एकाला द्यावा लागत नाही.

नोंद कशाची ठेवायची

पाचपैकी किती तारे, हे लिहून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकापुढे चार गोष्टी लिहा: किती जणांनी पूर्ण केलं, ज्यांनी सोडलं त्यांनी कुठे सोडलं, किती वेळ बोलणं झालं, आणि कशावरून वाजलं. पाच-सहा पुस्तकांनंतर ही यादी वाचा. तुमचा कट्टा साठाव्या पानापर्यंत काही घडलं नाही तर गळतो, की लहान मुलांच्या तोंडून सांगितलेली पुस्तकं त्याला भावतात, की कितीही हौस असली तरी अडीचशे पानांपलीकडे जात नाही, हे त्यात दिसू लागतं. पुढचं नाव सुचवायला बसाल तेव्हा 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या याद्या बाजूला ठेवा आणि आधी ही यादी उघडा.